रश्श्याचं पाणी

दिवाळी सरली, धान बांधीतून खळ्यावर आलं, की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत पाहुण्यांचा हंगाम लागतो. आज या गावची मंडई, म्हणजे जत्रा, उद्या त्या गावचं नाटक. वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, नाटक मंडळ्या होळीपर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीची गावं रात्र-रात्र जागवतात. ज्या गावात नाटक, तिथं घरोघरी लेक-जावई, सोयरे आणि सोयऱ्यांचे सोयरे उतरतात. नाटकाला जायच्या आधी पंगत बसते. कोंबडी एक आणि पानं दहा! हे गणित तुकड्यांनी सुटत नाही, ते रश्श्यानं सुटतं. भाताच्या या मुलखात कोंबडी चावून खातात थोडी, भातात कालवून ओरपतात फार.

पण गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, ते पातळ एकच एक नसतं. चुलीपाशी बसून पाहिलं तर ते पायरीपायरीनं तयार होताना दिसतं.

आधी सुटतं ते अंगचं पाणी. गावात कोंबडी सोलत नाहीत. पिसं उपटायची, जाळावर फिरवून भाजायची, हळद चोळायची आणि कातडीसकट तुकडे करायचे. मीठ-हळद लावून गंज चुलीवर चढवला आणि वर पाण्याची ताटली झाकली, की मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं. तुकडे आपल्याच पाण्यात शिजू लागतात. या घटकेला वरून थेंबही ओतायचा नाही. अंगचं पाणी आटत आलं, की ताटलीतलं कढत पाणी आत सोडायचं. गार पाण्यानं उकळी मोडते आणि शिजवण रेंगाळते.

मग मंद जाळावर तयार होतं अळणी, म्हणजे तिखट-मसाला पडण्याआधीचं कोंबडीचं पाणी. गावरान कोंबडी उकिरड्यापासून बांधीपर्यंत पायपीट केलेली असते. तिच्या तंगड्यांत, मानेत, सांध्यांत आणि कातडीत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. तास-दीड तासाच्या आचेवर ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं. अळणी प्याल्यावर ओठ किंचित चिकटतात ते यामुळेच. भसाभसा उकळलं, तर चरबी पाण्यात घुसळली जाऊन अळणी गढूळ होतं. हळू शिजवलं तर नितळ राहतं. पहिली वाटी तापातून उठलेल्याची, बाळंतिणीची नाहीतर लहान पोराची. वर चिमूटभर मिरपूड. चरकसंहितेनं मांसरसाची थोरवी सांगितली, बाराव्या शतकात मायमोनिडीज या ज्यू वैद्यानंही कोंबडीच्या रसाची शिफारस केली. २००० साली अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या स्टीफन रेनार्ड यांना असं आढळलं, की कोंबडीचं सूप दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची धाव मंदावतं. प्रयोग काचपात्रातला होता, रुग्णांवरचा नव्हे, एवढं ध्यानात ठेवून वाटी पुढे करावी.

भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया आदिवासी घरांत पुष्कळदा मीठ, हळद, मिरची एवढ्यावरच भागतं. इतरत्र भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, धने, लसूण यांचं वाटण पडतं आणि अळणीचा रस्सा होतो. वरून सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. मग वर चढते तर्री. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा पाण्यात फारसे उतरत नाहीत, तेलात उतरतात. म्हणून रश्श्याचा सगळा तोरा त्या तवंगात गोळा होतो. जावयाच्या वाटीत तो पळीभर जास्त पडतो, हे सांगायला नकोच.

गावरानच्या तर्रीत तेलाच्या जोडीला कोंबडीची स्वतःची चरबी असते. अंड्यावरची कोंबडी असली, तर पोटाकडे पिवळाधमक गोळा निघतो. जाणती बाई तो आधी तापल्या गंजात टाकते; तो वितळला की फोडणीचं निम्मं तेल वाचतं. पूर्व युरोपातले ज्यू हीच चरबी काढून बरणीत भरायचे. डुक्कर निषिद्ध आणि मांसासोबत लोणीही वर्ज्य, मग दुसरं काय वापरणार? हायनानी पद्धतीच्या कोंबडी-भातात तांदूळ याच चरबीवर परततात आणि कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. चरबीचा पिवळा रंग मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो. कोंबडीची पिवळी कातडी मात्र वारशातली आहे: ते जनुक भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं.

नाटकाहून परतल्यावर, पौषातल्या पहाटे, उरलेल्या गंजाचं झाकण काढून पाहा. वर पिवळा थर आणि खाली दह्यासारखा थिजलेला रस्सा. शहरातली मंडळी दोन्हीला ‘चरबी’ म्हणून नाकं मुरडतात. वरचा थर चरबीच आहे. पथ्य असेल तर तो खुशाल काढा. खालचं थिजलेलं जिलेटिन आहे, प्रथिन आहे. ते फेकणं म्हणजे कोंबडीतला निम्मा कस फेकणं. चंद्रपूरच्या मे महिन्यात मात्र हा धडा मिळत नाही. ४५ अंशांपुढच्या उन्हात दोन्हीही थिजत नाहीत.

ब्रॉयलरला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण ती जेमतेम सहा आठवड्यांची असते. दुकानदार कातडी सोलूनच देतो आणि मांस अर्ध्या तासाच्या आत शिजतं. रश्श्यात काही उतरायला वेळच नसतो, मग तर्रीसाठी तेल ओतावं लागतं आणि चवीसाठी पाकिटातली वडी. वडीत मुख्यतः मीठ आणि चव वाढवणारे पदार्थ. जीभ फसते, पण पाण्याला अंग येत नाही. वडी टाकलीच, तर वेगळं मीठ निम्म्यावर आणा.

त्यापेक्षा दुकानदाराकडून पाय, मान, पाठीची हाडं मागून घ्या. स्वच्छ धुऊन मंद आचेवर दोन तास उकळा, गाळा आणि तेच रश्श्यात ओता. पाहुणे वाढले की रश्श्यात पाणी वाढणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते पाणी नळाचं नसावं, हाडांचं असावं.