रिकामी जागा

"ताई, परवाची ती टँकरची बातमी उघडत नाहीये. लिंक चुकली का?"

मेसेज ज्या गावची ती बातमी होती, त्याच गावातल्या एका वाचकाचा होता. कागदावरच्या खेपा आणि गावात प्रत्यक्ष आलेले टँकर यांचा मेळ बसत नव्हता. ही माहिती त्यानेच आम्हाला दिली होती. मी टाइप केलं, "तांत्रिक अडचण आहे, दादा. बघतो आम्ही."

अडचण वगैरे काही नव्हती. सकाळी आमच्या संपादकांना एक फोन आला होता. कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. "जाहिरातींचं बिल अडकलंय," एवढंच म्हणाले, आणि मग, "तेवढी बातमी ड्राफ्टला टाक." मी टाकली. एका क्लिकचं काम.

तीन दिवसांनी 25 जून आला. दरवर्षी या दिवशी मी आणीबाणीवर पोस्ट टाकते. तेव्हाच्या पत्रकारांना वाकायला सांगितलं तर ते रांगायलाच लागले, हे लालकृष्ण अडवाणींचं म्हणणं त्यात असतंच. यंदा पोस्ट लिहायला घेतली आणि बोटं थांबली. मग लिहिण्याऐवजी त्या दिवसांबद्दल वाचत बसले.

25 जून 1975 च्या रात्री दिल्लीतल्या बहादूरशाह जफर मार्गावरची वीज तोडली गेली. बड्या वर्तमानपत्रांचे छापखाने तिथेच होते. दुसऱ्या दिवशी कित्येक अंक निघालेच नाहीत. सेन्सॉरशिप आली. 28 जूनला 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली.

इथपर्यंत मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. सेन्सॉरने नंतर सूचना काढल्या, त्यात अग्रलेखाची जागा कोरी सोडायलाही मनाई होती. ती गांधीजींच्या किंवा टागोरांच्या वचनांनी भरायलाही मनाई!

जिथे एक अक्षर छापलेलं नाही, त्या जागेला सरकारने का घाबरावं? कारण ती जागा बघून वाचकाला कळतं की इथे काहीतरी होतं आणि ते कुणीतरी काढायला लावलंय. ती खूणही पुसली, की मग सेन्सॉरचं काम पूर्ण होतं. पण खूण पुसायला त्याला ऑफिसातलं कुणीतरी लागतं. 'तांत्रिक अडचण आहे' म्हणणारं.

मुंबईत मिनू मसानींनी वेगळी वाट धरली. त्यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्या मासिकातले 11 मजकूर सेन्सॉरने अडवले, तेव्हा ते कोर्टात गेले. फेब्रुवारी 1976 मध्ये, ऐन आणीबाणीत, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या नियतकालिकांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं न्यायालयाने बजावलं.

मसानी बॅरिस्टर होते, माजी खासदार होते. प्रत्येकाला हे जमत नाही. ज्याचं घर पगारावर चालतं, त्याला रांगणारा म्हणताना आता माझी जीभ अडखळते. पण माझ्यावर सेन्सॉर नव्हता, तुरुंगाची भीती नव्हती. मला तेवढीही सबब नव्हती.

दुसऱ्या दिवशी संपादकांना विचारलं, "सर, बातमी नको तर नको. पण त्या पानावर 'ही बातमी काढून घेतली आहे' एवढी ओळ ठेवूया?"

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, ते तर बातमीपेक्षा वाईट दिसेल."

बरोबरच होतं त्यांचं. 1975 च्या सेन्सॉरलाही तसंच वाटलं होतं.

ती ओळ पानावर गेली नाही. संध्याकाळी बसमधून मी त्या दादाला मेसेज केला, "लिंक चुकलेली नाही. बातमी आम्हीच काढली. त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले."

निळी टिक लगेच आली. उत्तराला थोडा वेळ लागला.

"वाटलंच होतं, ताई. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. गावच्या ग्रुपवर टाकू का?"

माझा स्टॉप गेला, तरी मी ते वाचत बसले होते. मग लिहिलं, "टाका. माझं नाव आहे त्यावर, ते राहू द्या."