खोटी पट्टी

जुलैत कोल्हापुरातली माणसं सकाळी उठून आधी राधानगरी धरणाची पातळी बघतात, मग बाकीच्या बातम्या. 'सहा नंबरचा दरवाजा उघडला' असा निरोप आला, की नदीकाठची घरं सामान वर चढवायच्या तयारीला लागतात. धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित. पाणी 347.50 फुटांवर गेलं की आपणहून उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक विसर्ग.

यंदा त्या निरोपावर शेजारच्या पोरीनं विचारलं, "मावशी, याचं गणित कुणी मांडलं असेल?"

ही पोरगी गणितात एम.एस्सी. घरच्यांच्या मते बी.एड. करून शाळेत लागणार होती. लागली शिरोलीतल्या एका फाउंड्रीत. मी तिला विश्वेश्वरय्या सांगितले. 1881 साली बंगळुरात बी.ए. झाले, मग पुण्याला येऊन 1883 मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. खडकवासल्याचे पूर्वीचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच.

एकदा तिच्याबरोबर फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, ओतकामाचे लाकडी नमुने बनतात तिथं, गेले होते. सागवानाच्या भुश्शाचा वास मला अत्तराहून प्रिय, त्यामुळे रेंगाळले. तिथल्या मिस्त्रींनी दोन स्टीलच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या, एक साधी, एक त्यांची. शून्याला शून्य जुळलं; तिसाच्या खुणेला मात्र त्यांची पट्टी तीन मिलिमीटर पुढं. बीड थंड होताना शेकडा एक आकसतं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करायचा. स्टीलला जवळपास दुप्पट, त्याची पट्टी वेगळी. वर मशिनिंगसाठी माया, आणि वाळूतून नमुना अलगद सुटावा म्हणून उभ्या बाजूंना जरासा उतार.

"पोरी, ही पट्टी खोटी हाय, म्हणून माल खरा येतोय," मिस्त्री म्हणाले.

"पण जाड बाजू आन् पातळ बाजू सारखीच आकसंल व्हय?" तिनं विचारलं.

मिस्त्री थांबले. "न्हाई. तितं अनुभव लागतो."

त्या अनुभवाचीच समीकरणं ती दिवसभर संगणकावर सोडवते: कुठला कोपरा शेवटी गोठेल, पोकळी कुठं राहील. त्या दिवशी संगणकानं एक कोपरा लाल केला, मिस्त्रींनी खडूनं दुसराच दाखवला. निकाल कास्टिंग कापल्यावर. माझी पैज मिस्त्रींवर.

तशी मला आपोआप चालणाऱ्या गोष्टींची फार ओढ नाही. राधानगरीपेक्षा आपला कोल्हापुरी बंधारा बरा. पावसाळा सरला की माणसं जाऊन पाणी अडवायला एकेक बरगा बसवतात, आणि कधी बसवायचे, कधी काढायचे यावरून वरचं गाव नि खालचं गाव भांडतात. ते भांडण कुठल्या समीकरणात बसतं, हे तिला विचारायला हवं.