घरांतल्या तारेची वाट

घरांत जें जें आपण रोज वापरतों, त्यांतील पुष्कळसें दृष्टीआड असतें. पाण्याचे नळ भिंतींतून जातात, सांडपाणी फरशीखालून वाहतें, विजेच्या तारा गिलाव्याखालीं निजलेल्या असतात. घराची टापटीप म्हणून जिचें आपण कौतुक करतों, तिचा निम्मा भाग या लपवण्यांतच आहे. परंतु लपवणें दोन प्रकारचें असतें. एका प्रकारांत वस्तु नजरेआड होते, पण तिचा ठावठिकाणा घरच्यांस माहीत असतो. दुसऱ्यांत वस्तूबरोबर तिचा ठावठिकाणाहि पुरला जातो. पहिल्यास नीटनेटकेपणा म्हणावें. दुसऱ्यास काय म्हणावें, हें भिंतींत खिळा ठोकण्याची वेळ आली म्हणजे कळतें. हा भेद मला मे महिन्याच्या सुटींत लोहगडवाडी येथें, मामांच्या घरीं इंटरनेटची केबल घालतांना समजला; तोच वाचकांस सांगावा असा मानस आहे.

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याच्या लेण्यांवरून घाट चढूं लागलें, म्हणजे गायमुख खिंडीपाशीं डाव्या हातास विसापूर आणि उजव्या हातास लोहगड असे दोन दुर्ग उभे दिसतात. खिंड ओलांडली कीं लोहगडच्या पायथ्याशीं ही वाडी लागते. 2025 च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत लोहगडचें नांव आहे. गड पाहण्यास आलेले लोक परततांना वाडींत पिठलें-भाकरी खाऊन जातात, आणि मामांच्या ओसरीवर अशा पाहुण्यांची पंगत बसते. घर जुनें आहे. पुढची भिंत काळ्या दगडाची, मातींत रचलेली, दीड हात जाड. आंतील आडभिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीनें लिंपलेल्या. वर सागाची तुळई आणि कौलारू छप्पर. ओसरीमागें माजघर, आणि माजघराच्या पलीकडे परसाकडची लहान खोली. त्या खोलींत माझी मामेबहीण अभ्यास करते.

तिला नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेस बसावयाचें होतें. तिचे वर्ग सायंकाळीं इंटरनेटवरून चालत. उन्हाळाभर ती खळ्याच्या बांधावर, जेथें मोबाइलास थोडी रेंज मिळे तेथें, जाऊन बसे. पण मावळांतील पाऊस ज्यानें पाहिला आहे त्यास सांगावयास नको, कीं जून लागल्यावर बांधावर उभें राहणेंहि कठीण. कांचेच्या तंतूची केबल वाडींत आलीच होती. ती घेऊन कंपनीचा माणूस ओसरीवर वायफायचा डबा बसवून गेला. परंतु बिनतारी लहरी दगडी भिंतीपाशीं थकतात. माजघरांत त्या कशाबशा पोहोंचत, परसाकडच्या खोलींत मुळींच नाहीं. ओसरीवर बसावें, तर तेथें पाहुण्यांचा गलबला. मामा म्हणाले, "पावसाचे चार महिने हिला तळेगांवीं नातेवाइकांकडे ठेवावें, नाहींतर हें वर्ष सोडून द्यावें." पोर कांहीं बोलली नाहीं, पण तिनें वही मिटून ठेवली, ती त्या रात्रीं पुन्हां उघडली नाहीं.

ओसरीवरच्या डब्यापासून तिच्या खोलीपर्यंत एक केबल नेली, आणि तेथें दुसरा लहान डबा लावला, कीं अडचण संपत होती. अंतर अवघें 23 मीटर. अशी केबल 100 मीटरपर्यंत उत्तम चालते. प्रश्न अंतराचा नव्हता, वाटेचा होता.

मामींचें म्हणणें, "पाहुणे येतात-जातात, भिंतीवर तार लोंबतांना दिसली तर मला खपायची नाहीं." आजीचें म्हणणें याच्या अगदीं उलट. ती म्हणाली, "पोरा, काय घालायचें तें डोळ्यांपुढें घाल. भिंतींत पुरलेलें मला एक पुष्कळ झालें." तिच्या बोलण्यास कारण होतें. पूर्वीं कोणा कारागिरानें विजेच्या तारा भिंतींत खांच पाडून घातल्या, वरून गिलावा केला, आणि तो निघून गेला. पुढें आजोबा वारले. त्यांची तसबीर लावण्यास मामांनीं खिळा ठोकला, तो नेमका तारेंत गेला. मामा स्टुलावरून फेंकले गेले. प्राणावर बेतलें होतें, तें हातावर निभावलें. तेव्हांपासून ती तसबीर ट्रंकेंत होती, आणि भिंतीला हात लावूं नये असा आजीचा दंडक होता.

आजीचें बोलणें ऐकतांना मला पुण्याच्या कात्रजच्या नळाची आठवण झाली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालून शहरांत आणलें. शनिवारवाडा आणि पेठांतील हौद त्यावर भरत. वरून चालणाऱ्या माणसास पायाखालीं पाणी वाहतें आहे याची कल्पनाहि येऊं नये, असें तें काम आहे. पण त्या नळावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले आहेत. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, आणि गाळ सांचला तर काढावयास माणूस आंत उतरे. ज्यांनीं पाणी झांकलें, त्यांनींच तें उघडण्याची सोयहि करून ठेविली. मामींचा हट्ट आणि आजीचा हट्ट यांचा मिलाफ मला तेथें सांपडला. मीं दोघींस म्हटलें, "तार दिसणार नाहीं, पण ती कोठें आहे हें घरांतल्या प्रत्येकास सांगतां येईल." आजी म्हणाली, "मग आधीं ती जुनी शोध. नवीचें मागून पाहूं."

तिची अट रास्त होती. गांवांतल्या वीजकाम जाणणाऱ्या एका गृहस्थांनीं भिंतींतील तार हुडकण्याचें लहानसें यंत्र आणलें. चालू तारेवर तें यंत्र आलें कीं शीळ घालतें. बटणाच्या पाटीपासून वर, वरून आडवें, असें तें फिरवीत आम्हीं खडूनें रेघ ओढली. गिलाव्याखालचा तो जुना वैरी तासाभरांत रेघेच्या रूपानें उघडा झाला.

मग नवी वाट ठरविली. घराच्या बाहेरून वळचणीखालून जाणें सोपें होतें, परंतु तें मीं टाळलें. वळवाच्या दिवसांत डोंगरावर विजा पडतात, आणि तांब्याची तार उघड्यावर नेणें म्हणजे त्यांस घरांत येण्याचें आमंत्रण. कांचेच्या तंतूस ही भीति नाहीं, कारण कांचेंतून प्रकाश धांवतो, वीज धांवत नाहीं. म्हणून तांब्याची केबल आंतूनच न्यावयाची असें ठरलें. दगडी भिंतीवर तुळईचें डोकें टेंकतें तेथें बोटभर फट आधींचीच होती. तेथून केबल माजघरांत आली, आणि भिंतीला छिन्नी लावावी लागली नाहीं. तेथून पुढें ती तुळईच्या वरच्या कडेनें, जेथें नेहमीं सावली असते, तेथून गेली. कुडाच्या भिंतींत दोन कारव्यांच्या मधून प्लास्टिकच्या नळीचा तुकडा बसविला, आणि त्यांतून ती पलीकडे खोलींत, फडताळाच्या पाठीमागें उतरली. जेथें उघडी पडत होती तेथें केसिंग म्हणून मिळणारी झांकणपट्टी लावली. ही पट्टी पांढरी असते. मामींनीं तिला तुळईसारखाच तपकिरी रंग दिला. झांकण बोटानें दाबलें कीं बसतें आणि ओढलें कीं निघतें, म्हणून उंदरांपासून रक्षणहि झालें आणि पुढील दुरुस्तीची वाटहि मोकळी राहिली.

या केबलच्या पोटांत आठ तारा असतात, आणि त्या दोन-दोन मिळून वेणीप्रमाणें पिळलेल्या असतात. पिळण्याची ही युक्ति ग्रॅहॅम बेल यांनीं 1881 सालीं टेलिफोनसाठीं काढली. बाहेरील विजेचा उपद्रव पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच होतो, आणि दुसऱ्या टोंकास दोहोंतील फरक तेवढा वाचला जात असल्यामुळें तो उपद्रव गळून पडतो. यास्तव टोंकास जोडणी करतांना पीळ अर्ध्या इंचाहून अधिक सोडूं नये. केबल काटकोनांत मोडूं नये. तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येची, म्हणजे पाण्याच्या पेल्याच्या बुडाएवढी, गोलाई द्यावी. ओढतांना 11 किलोंहून अधिक जोर लावूं नये, नाहींतर आंतील पीळ ताणला जाऊन वरून शाबूत दिसणारी केबल आंतून निकामी होते. विजेच्या तारेपासून ती वीतभर दूर ठेवावी. ओलांडावीच लागली तर काटकोनांत ओलांडावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल मिळते. ती घेऊं नये. ओसरीबाहेरील कांचेच्या केबलला आंत शिरण्यापूर्वीं खालच्या बाजूस एक झोळ द्यावा, आणि भोंक बाहेरच्या बाजूस उतरतें ठेवावें. म्हणजे तारेवरून ओघळणारें पावसाचें पाणी झोळावरूनच ठिबकतें, घरांत येत नाहीं. मावळांत ही शेवटची गोष्ट विसरणाऱ्याच्या भिंती ओल धरतात.

दोन्ही टोंकांस हातभर केबल वेटोळें करून जादा ठेविली, कारण पुढेंमागें जोडणी तुटली तर कापून नवी करण्यास जागा हवी. प्रत्येक टोंकास चिठ्ठी बांधली: ही कोठून येते आणि कोठें जाते. तपासणीच्या यंत्रावरचे आठहि दिवे एकामागून एक लागले, तेव्हां मामेबहीण हंसली. आणि त्याच सायंकाळीं ती आपल्या खोलींत दार लावून वर्गास बसली.

पण माझें काम तेथें संपलें नव्हतें. मोठ्या कागदावर मीं घराचा नकाशा काढला. जुनी विजेची तार लाल, नवी केबल निळी. प्रत्येक वळण दाराच्या चौकटीपासून किती वीत आणि जमिनीपासून किती हात, हें लिहिलें. तो कागद फडताळाच्या दाराच्या आंतील बाजूस चिकटविला. आजीस वाचतां येत नाहीं. म्हणून तिला काठी घेऊन घरभर फिरविलें, आणि तिनें प्रत्येक ठिकाण काठीनें दाखवून पाठ म्हटलें: "येथून वर, येथून आडवी, येथें कुडांत, येथें फडताळामागें." एक वळण ती चुकली नाहीं. तें झाल्यावर तिनें ट्रंक उघडावयास सांगितली. आजोबांची तसबीर बाहेर निघाली. कोठें लावूं असें मामांनीं विचारलें, तेव्हां तिनें नकाशाकडे पाहिलें, भिंतीकडे पाहिलें, आणि लाल रेघेपासून तीन हात दूर काठी टेंकून म्हणाली, "येथें ठोक. येथें कांहीं नाहीं." मामांचा हात क्षणभर थांबला; मग खिळा आंत गेला.

जूनमध्यें गड धुक्यांत बुडाला आणि वाडीच्या वाटांना ओढ्यांचें रूप आलें, तेव्हां मामेबहिणीचा एकहि वर्ग बुडाला नाहीं. पाहुण्यांपैकीं कोणी अजून माजघरांतली केबल पाहिलेली नाहीं, असें मामी अभिमानानें सांगतात.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकीं पुष्कळजण पुढें घरें बांधतील, यंत्रें बसवितील, हिशेब लिहितील. प्रत्येक कामांत कांहीं भाग झांकावाच लागतो, आणि तो झांकणें हें कौशल्यच आहे. मात्र आपण झांकलेलें उघडण्याची पाळी बहुधा दुसऱ्यावर येते, आणि त्या वेळीं आपण तेथें नसतों. त्या अपरिचित माणसाकरितां एक झोळ, एक चिठ्ठी आणि एक नकाशा मागें ठेवण्यास फार तर एक तास लागतो. तेवढा तास जो देतो, त्याचें काम तो निघून गेल्यावरहि त्या घराच्या उपयोगीं पडत राहतें.