डिचोलीचा दुसरा नकाशा

गोव्याला जाणारी आपली मंडळी मंगेशीचे दर्शन घेतात, कळंगुटला पाय ओले करतात आणि काजू बांधून घेऊन परततात. डिचोलीची वाट धरणारा विरळाच. पण तेथले लाल डोंगर लोहखनिजापायी पोखरून निघाले आहेत असे ऐकून होतो, म्हणून मुद्दाम तिकडे गेलो.

शिरगावात भूगोलाचे एक मास्तर भेटले. त्यांच्यापाशी गावाचा नकाशा होता. त्यावर खाणपट्ट्यांच्या रेषा कशा ठसठशीत! विहीर मात्र एकही नाही. तेव्हा मास्तरांनी आणि गावच्या पोरांनी रंगीत पेन्सिली घेतल्या. पाण्याची विहीर निळी, आटलेली काळी, गाळ उतरलेले शेत तांबडे. काळे ठिपके खाणींच्या आसपास दाटलेले दिसले.

याचे कारण मास्तरांनी उलगडून सांगितले. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तिच्यात पाणी भरते. ते पंपाने उपसत राहिले की भोवतालच्या विहिरींचे पाणी खाणीकडे ओढले जाते. शिवाय टनभर खनिजामागे सुमारे अडीच-तीन टन माती निघते. तिचे ढीग पावसात वाहून ओहोळावाटे भातखाचरांत उतरतात. पट्ट्याची रेघ कागदावर थांबते. पाणी थोडेच थांबते?

पण वाचकहो, गोष्ट एवढी सरळ नाही. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकवाल्यांच्या दारी कर्जाचे हप्ते येऊन उभे राहिले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, तर २०१८ साली ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पुढे २०२२ साली नव्याने लिलाव सुरू झाले.

"मुलाचा ट्रक खाणीवर चालला, म्हणून हे घर उभे राहिले," एक वयस्क बाई म्हणाल्या. "आणि विहीर आटली तीही त्याच वर्षांत. आता बरे कुणाला म्हणू नि वाईट कुणाला?"

मला उत्तर सुचले नाही. घरे, देवळे आणि शेती खाणपट्ट्यातून वगळा, एवढेच येथल्या गावकऱ्यांचे मागणे आहे. मोठ्या खाणीला पर्यावरणमंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी, असा १९९७ सालापासून नियम आहे. तेथे "माझी विहीर आटली" एवढे म्हणून भागत नाही. कुठली, केव्हा, खाणीपासून किती अंतरावर, हे दाखवावे लागते.

मास्तरांनी पेन्सिल पुढे केली. बाईंनी नकाशावर आपले घर शोधले आणि परसात एक काळा ठिपका काढला.