दशा, गोचर आणि बदलीचा अर्ज

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या मेजाच्या खणात दोन पुस्तके हमखास सापडतात. एक सेवानियमांचे आणि दुसरे पंचांग. बदली कोणत्या नियमाने होते हे पहिल्यात दिलेले असते; ती केव्हा होईल हे शोधण्याची सोय दुसऱ्यात असते. आम्ही केंद्र सरकारच्या कोलकात्यातील एका कचेरीत कारकून आहोत. पत्रिका पाहणे हा आमचा व्यवसाय नव्हे. परंतु पदवीला गणित घेतले होते, त्यामुळे आकड्यांची भीती नाही आणि दुसऱ्याने केलेला हिशेब ताडून पाहण्याची खोड मात्र आहे. ह्या खोडीमुळेच गेल्या वर्षभरात फलज्योतिषातील एका अंगाकडे आमचे लक्ष सारखे जात राहिले. आयुष्यात काय घडेल हे सांगताना ज्योतिष्यांचे फारसे भांडण होत नाही. ते केव्हा घडेल असे विचारले, की मग प्रत्येकाची वाट निराळी होते.

प्रश्न आमच्या घरचाच होता. आमच्या मातोश्री दापोलीजवळच्या एका गावी एकट्या राहतात. दोन्ही गुडघे झिजले आहेत, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगून दीड वर्ष उलटले आहे. त्यांचे म्हणणे एकच. "तू कायमचा इकडे आलास की करू. पंधरा दिवसांच्या रजेवर येशील आणि निघून जाशील. मग मला उठवील कोण?" इकडे आमची अडचण अशी, की स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या विभागात बदली घेतली तर आमच्या संवर्गात ज्येष्ठता जाते आणि नव्या ठिकाणी नाव यादीच्या तळाशी लागते. बढती तर दोन वर्षांवर आलेली. गावच्या गुरुजींनी ह्यावर तोडगा सांगितला होता. राहूच्या महादशेत गुरूचे अंतर चालू आहे, गुरू चतुर्थाचा म्हणजे घराचा आणि मातेचा स्वामी, तेव्हा हे अंतर संपण्याच्या आत मुलगा आपोआप घरी येईल. 'आपोआप' ह्या शब्दाचा अर्थ मातोश्रींनी 'ज्येष्ठतेसह' असा लावला, आणि त्या थांबल्या.

विंशोत्तरी दशा ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली पद्धत. एकूण १२० वर्षांचे आयुष्य नऊ ग्रहांत वाटलेले आहे : केतूला ७, शुक्राला २०, रवीला ६, चंद्राला १०, मंगळाला ७, राहूला १८, गुरूला १६, शनीला १९ आणि बुधाला १७. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्याच्या स्वामीपासून सुरुवात करायची, आणि त्या नक्षत्राचा जितका भाग चंद्राने ओलांडला असेल तितकी वर्षे वजा टाकायची. वाटणी अशीच का, ह्याचे पटेल असे उत्तर आम्हांस कोणत्याही ग्रंथात मिळालेले नाही; पण एकदा मानली की पुढचा सारा हिशेब त्रैराशिकाचा आहे. गुरुजींचा हिशेबही बिनचूक होता. आम्ही तो दोनदा करून पाहिला. आम्हांस ३६ पूर्ण होऊन तीन महिने झाले होते, आणि त्यांच्या मांडणीप्रमाणे गुरूचे अंतर आणखी चार महिन्यांनी संपणार होते.

आमच्या शेजारच्या मेजावरील बंगाली सहकाऱ्यांना सारी कचेरी दादा म्हणते. त्यांच्यापाशी लाहिरींची एफेमेरिस असते. जेवणाच्या सुटीत त्यांनी आमची पत्रिका मांडली आणि म्हणाले, "राहू? तुमचा राहू अजून लागलाच नाही. मंगळ चालू आहे, आणखी सव्वा वर्ष." त्यांच्या हिशेबाने राहूतले गुरूचे अंतर आमची चाळिशी उलटल्यावर लागत होते आणि ४२ वर्षे ७ महिन्यांपर्यंत टिकत होते. नियम तोच, दशा तीच, चतुर्थेशही तोच. उत्तरे मात्र दोन : चार महिन्यांच्या आत, अथवा चार ते सहा वर्षांनी.

ह्या सहा वर्षांचे मूळ आकाशातील चार अंशांत आहे. कोकणातील पुष्कळ घरांप्रमाणे आमच्या घरीही टिळक पंचांग चालते. मेष राशीचा आरंभ कोठे धरावा ह्याविषयी ते पंचांग रेवतीच्या तारकेला मानते. दाते पंचांग, लाहिरी आणि भारत सरकार हे चित्रा तारकेला मानतात. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, म्हणून आरंभस्थान आणि संपात ह्यांतील अंतर, म्हणजेच अयनांश, वर्षानुवर्षे वाढत जाते. परंतु ह्या दोन पक्षांतील सुमारे चार अंशांचा तंटा कायमच राहतो. मकरसंक्रांत टिळक पंचांगात चार दिवस आधी येते ती त्यामुळेच. २०२३ साली तर अधिकमासाचा घोळ होऊन टिळक पंचांगवाल्यांचे गणपती २० ऑगस्टला बसले, आणि इतरांचे १९ सप्टेंबरला. आमचा चंद्र चित्रापक्षाने धनु राशीच्या १७ अंशांवर, टिळक पंचांगाने सुमारे २१ अंशांवर. दोन्हीकडे पूर्वाषाढाच, पण एका नक्षत्राचे १३ अंश २० कला म्हणजे शुक्राची २० वर्षे, तेव्हा चार अंश म्हणजे सहा वर्षे झाली. जन्मकाळी शुक्राची शिल्लक एका हिशेबाने साडेचौदा वर्षे, दुसऱ्याने साडेआठ. ज्याचा जन्म रवीच्या नक्षत्रावर झाला आहे त्याला हाच तंटा पावणेदोन-दोन वर्षांत आटोपतो. आम्हांस शुक्र लाभला.

सरकारी नोकराने कोणते अयनांश मानावेत ह्याचे खरे तर अधिकृत उत्तर आहे. १९५२ मध्ये मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. लाहिरी तिचे चिटणीस होते आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर व नागपूरचे के. ल. दप्तरी हे तिचे सभासद होते. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि चित्रापक्ष पत्करून २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला ठरवले. राष्ट्रीय दिनदर्शिका १ चैत्र १८७९, म्हणजे २२ मार्च १९५७ पासून सुरू झाली. राजपत्रावर तिची मिती आजही छापली जाते. पण समितीने हे सण आणि मित्या ह्यांच्या सोयीसाठी केले होते. कारकुनाची बदली कोणत्या अंशावर होते हा विषय तिच्यापुढे नव्हता. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनी १८९६ साली आपल्या ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला. त्यांचे हे गाव आमच्या दापोलीचेच. त्या ग्रंथातले अयनांशांवरचे विवेचन वाचले म्हणजे हा तंटा किती जुना आहे ते कळते.

दादांची मांडणी कचेरीत फिरली आणि प्रत्येकाला आपापली पद्धत आठवली. तंजावरकडील एक सहकारी कृष्णमूर्ती पद्धतीचे आहेत. के. एस. कृष्णमूर्तींनी प्रत्येक नक्षत्राचे विंशोत्तरीच्याच प्रमाणात नऊ भाग पाडले, आणि त्या भागाच्या स्वामीवर निर्णय ठेवला. पद्धत बुद्धीला आवडण्याजोगी आहे. परंतु सर्वांत लहान भाग ४० कलांचा, आणि लग्नबिंदू तो तीन मिनिटांच्या आत ओलांडतो. आमचा जन्म दवाखान्याच्या वहीत पहाटे ५ वाजून १० मिनिटे असा नोंदलेला आहे. पहाटेच्या त्या धांदलीत नर्सबाईंनी घड्याळ पाहिले तेव्हा खरोखर दहाच मिनिटे झाली होती, आठ किंवा तेरा नव्हे, असे शपथेवर कोण सांगणार?

काशीकडच्या एका सहकाऱ्यांनी वर्षफल काढले. इत्थशाल आणि मुंथा हे त्यातले शब्द अरबीतून आले आहेत. नीलकंठाने १५८७ मध्ये ते विषय आपल्या 'ताजिकनीलकंठी'त संस्कृतात बांधले. ३६ पूर्ण झाल्यावर मुंथा पुन्हा लग्नी येते, म्हणून ते गृहस्थ फार खूष होते. आम्ही वर्षमानाची चौकशी केली तेव्हा कळले, की ते सूर्यसिद्धान्ताचे वर्ष घेतात. ते आधुनिक नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. ३६ वर्षांत हा फरक दोन तासांवर जातो, आणि दोन तासांत वर्षलग्नाची अख्खी रास बदलते.

गोचराने तर आमची आशाच संपवली. शनी २९ मार्च २०२५ रोजी मीनेत गेला; तो आमच्या राशीपासून चौथा. जून २०२७ मध्ये मेषेत जाऊन तो वक्री होतो, परत मीनेत येतो आणि फेब्रुवारी २०२८ मध्ये कायमचा निघतो. तोवर घरी जाणे नाही, असे ऐकवण्यात आले. लगेच दुसऱ्याने अष्टकवर्ग मांडून मीनेत शनीला आठांपैकी पाच शुभ चिन्हे असल्याचे दाखवले. (शुभाला काही ग्रंथ रेखा म्हणतात आणि काही बिंदू, त्यामुळे हा कागद हातात आला की आधी तेवढे विचारून घ्यावे.)

ह्या साऱ्यांची तुलना करताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. ज्या पद्धती माणसाने आखलेल्या हद्दींवर उभ्या आहेत, म्हणजे रास, नक्षत्र, त्याचे भाग आणि त्यांवरून निघणाऱ्या दशा, त्यांचा काळ हद्द हलली की हलतो. ज्या दोन ग्रहांमधील अंतरावर उभ्या आहेत त्यांचा हलत नाही. शनी साडेएकोणतीस वर्षांनी जन्मस्थ शनीवर येतो तो टिळक पंचांगानेही त्याच दिवशी येतो. कारण दोन्ही स्थानांत तेच चार अंश मिळवलेले असतात. तेवढ्यापुरते गोचराला आम्ही दशेहून अधिक मान देऊ. अर्थात दिवस नक्की निघाला म्हणून त्याचे फलही नक्की ठरते असे नव्हे.

फलाची परीक्षा कशी करायची हा खरा पेच. आम्ही कोलकात्यास आलो तेव्हा ३१ पूर्ण झाली होती. चित्रापक्षाने त्याआधी सहा महिने मंगळ लागला होता. टिळक पंचांगाने त्यानंतर सहा महिन्यांनी राहू लागायचा होता. दादा म्हणतात मंगळाने आणले, गुरुजी म्हणतात राहूची चाहूल. दोघांचेही जमते. कचेरीत मागील तारखेची टिपणी लिहिणाऱ्याला खुलासा विचारतात. येथे मात्र पद्धत पारखण्याची रीतच ती. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात चाचणी घेतली, तिचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवरून हुशार मूल कोणते आणि मतिमंद कोणते हे सांगायचे होते, आणि उत्तरे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी सुमारे तेवढीच आली असती. त्या चाचणीत काळाचा प्रश्न नव्हता. म्हणून आम्ही आमच्यापुरती एक व्यवस्था केली. पाचही जणांकडून आमच्या बदलीची मुदत एका कागदावर लिहून घेतली, खाली तारखेसह सह्या घेतल्या आणि कागद पाकिटात घालून लाखेने बंद केला. दादांनी सही करण्यापूर्वी आपला आकडा एकदा खोडून बदलला.

परंतु मातोश्रींचे गुडघे पाकीट उघडेपर्यंत थांबणारे नव्हते. दोन पंचांगांच्या दोन तारखा आम्ही त्यांना फोनवर समजावून सांगितल्या. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे चार महिने म्हणून मी दीड वर्ष बसले, आणि अजून सहा वर्षंही निघू शकतात? तोवर मी विहिरीवर जायचं कसं?" त्याच आठवड्यात आम्ही बदलीचा अर्ज दिला, ज्येष्ठतेवरचा हक्क सोडल्याचे हमीपत्र सोबत जोडले. अर्ज पुढे गेला आहे, एवढेच सध्या कळते. एक महिन्याची अर्जित रजा मंजूर झाली, आणि त्यानंतरचे दोन महिने आमची पत्नी तेथे राहणार आहे.

रुग्णालयाने शस्त्रक्रियेसाठी दोन दिवस सुचवले होते. पहिल्या दिवशी अमावास्या होती. ती दोन्ही पंचांगांत होती, कारण तिथी ही सूर्य आणि चंद्र ह्यांतील अंतराची. मातोश्रींनी तो दिवस नाकारला आणि दुसरा घेतला. "तुझ्या त्या सरकारी पंचांगात काय आहे त्या दिवशी?" असे त्यांनी विचारले. आम्ही शुद्ध पंचमी म्हणून सांगितले. नक्षत्र दोन्हीकडे निराळे होते. त्यांनी ते विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.