वर पाणाड्या, खाली कुदळ

१९ मे २००७, शनिवार. निशी-कासाई, तोक्यो

निन्टेन्डो डीएस या हातातल्या खेळयंत्रावरच्या 'ओएंदान'चा दुसरा भाग परवा आला, आज घेतला. खालच्या पडद्यावर आकडे घातलेली वर्तुळं उमटतात, गाण्याच्या ठेक्यावर स्टायलसची काडी टेकवायची. तेवढ्या वेळात वरच्या पडद्यावर अख्खी गोष्ट चाललेली असते. मला ती दिसलीच नाही. लेक शेजारी बसून बघत होती, तिला सगळी पाठ.

"बाबा, तो माणूस का रडत होता?"

कुठला माणूस?

२० मे

स्वतःचा एक खेळ करायचा. डीएसवरच. वहीत आधी यंत्र काय देतं ते लिहून काढलं.

पडदे दोन, प्रत्येकी २५६ बाय १९२ ठिपके. स्पर्श फक्त खालच्याला. बटणंही सगळी खालच्याच अंगाला. माइक बिजागरीत. वरच्या पडद्याला हात नाहीतच, तो नुसता दाखवणार.

दोन पडद्यांच्या मध्ये बिजागरीची पट्टी. तिचं काय करायचं ते कुणीच नीट सांगत नाही. वरून पडणारा चेंडू तिथे किती वेळ गायब ठेवायचा?

२२ मे

तोझाई लाइन, सकाळची गर्दी. समोर पन्नाशीचे एक गृहस्थ, डीएस पुस्तकासारखा आडवा धरून बेरजा करत होते. कावाशिमांचा मेंदूच्या व्यायामाचा खेळ. त्यातली रंगांची नावं मोठ्यानं म्हणायची कसरत ते करत नव्हते. खेळ आधी विचारतोच, आत्ता बोलता येईल अशा जागी आहात का. इतका शहाणा प्रश्न मी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिला नाही. ऑफिसच्या तर नाहीच.

माइकवाल्या कल्पनांवर फुली. गाडीत फुंकर कोण मारणार.

२७ मे

डीएससाठी प्रोग्राम लिहायचं डेव्हकिटआर्म बसवलं. लिबएनडीएसचे नमुने चालले. आत प्रोसेसर दोन: थोरला ६७ मेगाहर्ट्झचा, धाकटा ३३चा. काडी कुठे टेकली ते धाकटा वाचतो आणि थोरल्याला कळवतो. मुख्य मेमरी ४ एमबी. ऑफिसात आम्ही एवढी लॉग लिहिण्यात घालवतो.

रात्री साडेबाराला काडीखाली एक पांढरा ठिपका हलायला लागला. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी जागलास?"

२ जून

तबला करून पाहिला. उजवीकडे चाट, डावीकडे डग्गा, बोट ठेवलं की बोल. ना वाजतो, घे वाजतो. धा वाजत नाही. हा पडदा दाबावर चालतो, एका वेळी एकच जागा सांगतो. दोन बोटं ठेवली तर दोघांच्या मधलीच कुठलीतरी जागा सांगतो, जिथे कुणीच हात लावलेला नाही. चाट आणि डग्ग्याच्या मध्ये.

धा नसेल तर तबला कशाला.

५ जून

ठिपक्यांची रांगोळी. चुकायला जागा नाही त्यात. खोडली.

९ जून

झाकण! वरच्या पडद्यावर ओला ठसा, खाली कागद. यंत्र मिटायचं, उघडायचं, ठसा खाली उमटलेला. वरचं खाली न्यायला काडी नाही, बटण नाही, सगळं यंत्रच मिटायचं. छापखाना करता येईल. अक्षरं उलटी जुळवायची, कारण छापल्यावर सुलटी दिसतील.

झाकण मिटलं की फक्त एक बिट बदलतो, कळांच्या रांगेतच तो वाचता येतो. आज तो वाचून दाखवणारा दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला.

१२ जून

ठसा उमटतो. लेकीनं इतक्यांदा उघडमीट केली की बिजागरीची काळजी वाटली.

१७ जून

छापखान्याचे नियम अर्धे झाले. खिळे किती, शाई कधी संपणार, चुकलेला कागद कुठे जाणार. खूश आहे.

२३ जून, शनिवार

आज नव्या 'झेल्दा'चा दिवस. दहाला दुकानात. पूर्ण खेळ काडीनं, बटणांना जवळजवळ सुट्टी. नकाशावर स्वतःच्या हातानं टिपणं करता येतात. यावर्षीच जानेवारीत 'सेकाइजु नो मेइक्यू' आला, त्यातही भुयाराच्या भिंती आपणच खालच्या पडद्यावर काढायच्या. लोकांना काडी दिली की त्यांना लिहावंसं वाटतं. हे सोपं आहे आणि मोठं आहे.

३० जून

'झेल्दा'त अडकलो होतो. वर एक चिन्ह, खाली समुद्राचा नकाशा. चिन्ह नकाशावर दाबा म्हणतात. चोळलं, टोचलं, फुंकलंसुद्धा. दीड वाजता कंटाळून यंत्र मिटलं, दात घासून आलो, सहज उघडलं.

उमटलेलं.

१ जुलै

काल झोप आली नाही. आधी राग, मग हसू. क्योतोतल्या निन्टेन्डोच्या माणसांनी माझ्या आधी झाकण मिटून पाहिलं असणारच, त्यांनीच तर ते केलंय. दोन वर्षांपूर्वीच्या 'अनदर कोड'मध्येही यंत्र अर्धवट मिटून एका पडद्याचं प्रतिबिंब दुसऱ्यात बघायचं कोडं आहे. छापखाना ड्रॉवरमध्ये.

संध्याकाळी जुन्या खेळांच्या दुकानात काचेआड 'ऑइल पॅनिक'. १९८२चा, निन्टेन्डोच्याच गेम अँड वॉचच्या दोन पडदेवाल्या मालिकेतला पहिला. गेम अँड वॉचचे कर्ते योकोई गुनपेई, त्यांच्या हाताखालचा काळ. वरच्या पडद्यावर नळ गळतोय, माणूस बादलीत तेल धरतो. बादली भरली की खिडकीबाहेर ओतायची. खालच्या पडद्यावर दुसरा माणूस पिंप घेऊन इकडून तिकडे जातोय, तो नेमका खाली असेल तेव्हाच. नसेल तर तेल खालच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर.

वर एक माणूस, खाली एक माणूस. मधल्या पट्टीतून तेल पडतं. पंचवीस वर्षं झाली या खेळाला.

किंमत विचारली. नुसतीच विचारली.

७ जुलै

आईला नारितावरून आणलं. तीन महिन्यांचा व्हिसा. सामानात दोन किलो मेतकूट आणि माझी जुनी मफलर, जुलैत.

आज तानाबाताचा सण. शाळेच्या बांबूवर लेकीनं इच्छेची चिठ्ठी टांगली: स्वतःचा डीएस. पत्ता बरोबर आहे, मागणी नामंजूर.

१० जुलै

लेक बसक्या टेबलाशी खेळत होती. आई समोर येऊन बसली, नात काय करते ते बघायला. मान वाकडी करून म्हणाली, "मला सगळं उलटं दिसतंय गं." लेकीनं यंत्र पूर्ण उघडून टेबलावर आडवं टाकलं. आता एक पडदा तिच्यापुढे, एक आजीपुढे.

मी जेवण अर्धवट टाकून वही आणली.

वरचा पडदा समोरच्याचा. त्याला हात नाहीत, काडी पोचत नाही, बटणं पलीकडे. त्याला फक्त तोंड आहे. एक बघतो आणि सांगतो. दुसरा बघत नाही आणि करतो. एक यंत्र, दोन माणसं, वायरलेस नको, दुसरा डीएस नको. चिठ्ठीचाही प्रश्न मिटला.

१४ जुलै

चौथ्या क्रमांकाचं वादळ वर येतंय. सगळे घरात. कागदावर करून पाहायला बरं.

पडद्यावर ३२ ठिपक्यांचे चौकोन पाडले तर आडवे आठ, उभे सहा, एकही ठिपका उरत नाही. वर नकाशा: झरा कुठे, कातळ कुठे. खाली उघडी जमीन. वरचा सांगणार, खालचा खणणार. कातळ लागला की कुदळ मोडते. कुदळी पाच.

आई म्हणाली, "म्हणजे पाणाड्याच की." नाव ठरलं.

तासगावला आमच्या मळ्यात आणला होता म्हणे एक, मी पोटात असताना. तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरायचा, पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. "राहिला का?" "राहिला." "पाणी लागलं?" आईनं विषय बदलला.

१५ जुलै

दिवसभर वारा. कागदावर खेळलो. मध्ये आडोसा म्हणून लेकीची चौकटीची वही उभी केली.

आधी नकाशा समोरच्याला सुलटा दिसेल असा पूर्ण फिरवून ठेवला. खेळ दोन मिनिटांत संपला. डावीकडे तीन म्हणजे डावीकडे तीन, यात खेळ कसला.

मग बायको म्हणून गेली, कागद फिरवू नकोस, जमीन आहे तशीच राहू दे. नकाशा आणि जमीन एकाच दिशेला, माणसं मात्र समोरासमोर. आईचं उजवं ते लेकीचं डावं. पहिल्याच डावात पाचही कुदळी मोडल्या. लेक ओरडली, आजी ओरडली, शेजाऱ्यांची माफी मागावी लागेल इतका आवाज.

हाच खेळ. नकाशा फिरवायचा नाही. फक्त झऱ्याचं, कातळाचं चित्र पालथं काढायचं, समोरच्याला सुलटं दिसावं म्हणून.

१६ जुलै, सोमवार. समुद्र दिनाची सुट्टी

सकाळी सव्वादहाच्या सुमारास घर हललं. दिवा बराच वेळ झुलत होता. नीगाताकडे ६.८चा भूकंप. टीव्हीवर काशिवाझाकीच्या अणुवीज केंद्रातला धूर. आई टेबलाखालून बाहेर यायला तयार नाही. आज कोड नाही.

१९ जुलै

यंत्रावर चालतो! झरा लागला की पाणी खालच्या पडद्यावर वर चढतं, पट्टीत गायब होतं, वरच्या पडद्याच्या काठाशी निघतं. पट्टीत किती वेळ? बरेच आकडे घालून पाहिले. अर्ध्या सेकंदाला लेक "आलं का, आलं का" म्हणते. तेवढाच ठेवला.

लेकीचा तळवा पडद्यावर टेकतो. काडी एकीकडे, तळवा दुसरीकडे, खड्डा तिसऱ्याच चौकोनात. टेकल्या टेकल्या न खणता काडी उचलल्यावर खणायचं, आणि मधे जागा फार उडाली तर तो घाव धरायचाच नाही. बरं झालं.

२१ जुलै, शनिवार

प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती म्हणून निवडून आल्या. आई सकाळपासून "जळगावची बाई" म्हणतेय, जणू आमच्या नात्यात.

दुपारी दोघी बसल्या. आई एकदाही डावं-उजवं म्हणाली नाही.

"खिडकीकडे दोन घरं. आता देवाकडे एक. आता थांब. फ्रिजकडे, फ्रिजकडे, बास. हाण."

पाणी. पुन्हा पाणी. पुन्हा पाणी. एकही कुदळ मोडली नाही.

मी गप्प. माझा सगळा खेळ डाव्या-उजव्याच्या गोंधळावर उभा, आणि ही बाई खोली वापरते.

गावाकडे असंच सांगतात, वरच्या अंगाला, ओढ्याकडे, म्हसोबाकडे. सांगणाऱ्याचं तोंड कुठे आहे याच्याशी कुणाला काही घेणं नाही.

२२ जुलै

आजीचं बघून लेकही तेच करते. खेळ संपला बहुतेक.

२४ जुलै

ऑफिस. रात्री अकरा. काही नाही.

२८ जुलै, शनिवार

कालच आलेला 'सुबाराशिकी कोनो सेकाई' मित्राकडे पाहिला. गोष्ट शिबुयात घडते. लढाई दोन्ही पडद्यांवर एकदम: खाली काडीनं, वर डाव्या हाताच्या बटणांनी, दुसरा गडी. नुसतं बघून डोळे फिरले. वरच्याला सोडून दिलं तर तो आपला आपण लढतो, ही सोय ठेवलीय त्यांनी. दोन पडद्यांचा प्रश्न त्यांनी एका माणसाच्या अंगावर टाकला. धाडसी आहे. मला जमणार नाही, आणि करावंसंही वाटत नाही.

२९ जुलै

उएनोला गेलो. येताना गाडीत लेक आणि आजी खेळायला बसल्या. बाकावर शेजारी शेजारी. दोघींचं डावं एकच. तीन मिनिटांत पाणी. समोरासमोर बसल्याशिवाय हा खेळ होत नाही. चालेल. गाडीतला खेळ करायचा नव्हताच, त्याला कावाशिमा आहेत.

४ ऑगस्ट

अंघोळ करताना सुचलं. नकाशा कधी जमिनीच्या दिशेला, कधी पूर्ण फिरवलेला. यंत्रानं ठरवायचं, सांगायचं नाही. पहिल्या प्रकारात खिडकी-देव चालतं, डावं-उजवं फसतं. दुसऱ्यात नेमकं उलट. कुठला प्रकार ते पहिला घाव घातल्यावरच कळणार. सांगितलं एक, लागलं दुसरं, की समजायचं.

कोड चार ओळी. एक नाणेफेक, आणि फिरवायचं असेल तर ७ मधून आडवा आकडा वजा, ५ मधून उभा.

पण मग पहिली कुदळ फुकट जाणार. अन्याय नाही का? आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "आमच्या मळ्यात तीन बोअर कोरड्या गेल्या. तुझी एक कुदळ." तेव्हा नारळाचं काय झालं तेही कळलं.

कुदळी सहा केल्या.

५ ऑगस्ट

लेकीला यावेळी वर बसायचं होतं. कुदळ आजीकडे. आई काडी चिमटीत उभी धरते आणि खरंच हाणते, पडद्याची दया येते. पहिला घाव कातळावर.

"खिडकीकडे म्हणालीस ना?"

"आजी, आता खिडकी फिरली."

"खिडकी कशी फिरेल? तुझ्या बापानं काहीतरी केलंय."

दुसरा घाव पण कातळ. लेक हसून आडवी. बायको स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होती, आडोशाची वही कुठे गेली, उद्या लागेल.

करायचं: कातळाचा आवाज वाढवणे, आईला ऐकू येत नाही. पाणी लागल्यावर लगेच नवा डाव सुरू होऊ नये, भांडायला वेळ द्यावा. आडोशाला जाड पुठ्ठा आणणे.

हरलेल्यांना नकाशा दाखवायचा का?