दिनक्रमाचा पुरावा

अमेरिकेत होम हेल्थमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करताना माजी सैनिकांच्या घरी माझं सतत जाणं-येणं असतं, आणि त्यांच्या अपंगत्व-भरपाईच्या कागदपत्रांशीही ओघानं संबंध येतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या हातांशिवाय पार पडत नाही, त्यांचा वाढीव भरपाईचा दावा अडतो तेव्हा आजार सौम्य असतो असं नाही. घरात कोण, कशासाठी आणि दिवसातून किती वेळा मदत करतं, हे कागदावर उतरलेलंच नसतं. एमआरआय असतो, औषधांची लांबलचक यादी असते; पण सकाळी शर्टाची बटणं कोण लावतं, हे त्या जाड फाईलमध्ये कुठेही सापडत नाही.

कायदा मात्र नेमकं हेच विचारतो. व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे व्हीए, अपंगत्वाचं रेटिंग टक्क्यांत देते. 2024 मध्ये 100 टक्के रेटिंग असलेल्या एकट्या माजी सैनिकाला महिन्याला सुमारे 3,738 डॉलर मिळत. त्याच्या वर ‘स्पेशल मंथली कॉम्पेन्सेशन’च्या पायऱ्या आहेत. दुसऱ्याच्या नियमित मदतीची गरज असणाऱ्यांसाठी ‘एल’ ही पायरी, आणि घरी रोज वैद्यकीय स्वरूपाची शुश्रूषा लागणाऱ्यांसाठी बरीच वरची ‘आर-टू’, जिची रक्कम दहा हजार डॉलरच्या पुढे जाते. ‘एल’साठी काय पाहायचं ते नियमात लिहिलेलं आहे: कपडे घालता-काढता येतात का, अंग स्वच्छ ठेवता येतं का, घास तोंडापर्यंत नेता येतो का, शौचाला स्वतःचं स्वतः जाता येतं का, कृत्रिम अवयव किंवा आधाराची साधनं वारंवार दुसऱ्याला नीट बसवून द्यावी लागतात का, रोजच्या वावरातल्या धोक्यांपासून सांभाळायला कुणी लागतं का. यातलं सगळंच जमत नसलं पाहिजे, अशी अट नाही. मदत चोवीस तास लागलीच पाहिजे, असंही नाही. ती नियमित लागली की पुरे. माजी सैनिकांच्या दाव्यांच्या अपील न्यायालयानं 2011 मध्ये ब्रेनायझर खटल्यात असंही स्पष्ट केलं की, या पायरीसाठी 100 टक्के रेटिंग असलंच पाहिजे असं कायद्यात नाही. तरीही घरोघरी समजूत हीच असते, की आधी शंभर टक्के आणि मग पुढचं. भारतीय सैन्याच्या निवृत्तिवेतनात सतत मदतनीस लागणाऱ्यांसाठीचा भत्ता 100 टक्के अपंगत्वाशी बांधलेला आहे, त्यामुळे आपल्या लोकांना ही समजूत आणखीच स्वाभाविक वाटते.

यावर एक आक्षेप मी वरचेवर ऐकते: बायको नवऱ्याचं करते ते संसाराचाच भाग आहे, त्याचे पैसे कसले? नियमाचं उत्तर सरळ आहे. मदत नातेवाईक करतो एवढ्या कारणानं भरपाई नाकारता येत नाही. ‘आर-टू’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे आधी अतिगंभीर अपंगत्वाची वरची पायरी गाठलेली असावी लागते. शिवाय इंजेक्शन देणं, कॅथेटर बसवणं, जखमेची निर्जंतुक पट्टी बदलणं, फिजिओथेरपी करून घेणं अशी कामं परवानाधारक माणसानं किंवा त्याच्या देखरेखीखाली कुणीतरी रोज घरी केलेली असावी लागतात. पत्नी करत असेल तर तिलाही ही अट लागू आहे. पण देखरेख म्हणजे नर्स रोज दारात उभी राहणं नव्हे. काय करायचं ते व्यावसायिकानं ठरवून दिलेलं असावं आणि महिन्यातून निदान एकदा त्यानं तिच्याशी बोलून आढावा घ्यावा. फोनवर झालं तरी चालतं. तो फोन होतही असतो. त्याची नोंद मात्र कुणी ठेवत नाही, आणि वर्षानुवर्षांची शुश्रूषा नियमाच्या लेखी झालेलीच नसते. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशानं कुणीही उठून मदत लागते म्हणेल आणि करदात्यांचा पैसा वाया जाईल. पैसा लोकांचा आहे, तेव्हा काटेकोरपणा हवाच. पण तो नियमात आहे. गरज सेवेशी जोडलेल्या दुखण्यातून किंवा जखमेतून आलेली असावी लागते. निव्वळ म्हातारपणाचा अशक्तपणा इथे धरत नाहीत. ‘आर-टू’ तर गरज स्पष्टपणे सिद्ध झाल्याशिवाय देऊच नये, असं बजावलेलं आहे. आणि दिनक्रमाचा तपशील जितका बारीक, तितका तो पडताळायला सोपा. ‘पाठीचं तीव्र दुखणं’ या शब्दांमागे काहीही लपू शकतं. ‘मोजे आणि बूट रोज पत्नी घालते, कमरेतून वाकता येत नाही’ हे तपासणीच्या खोलीत दोन मिनिटांत कळतं. माझ्या अनुभवात खोट्या दाव्यापेक्षा झाकलेली गरजच जास्त दिसते. सैन्यातल्या माणसाला ‘जमतं माझं मला’ असं म्हणायची सवय असते. तपासणाऱ्यासमोरही तो तेच म्हणतो, आणि कागदावर ‘स्वतंत्रपणे वावरतो’ असं उमटतं. मेंदूला मार लागलेल्यांच्या बाबतीत हे फार महागात पडतं. हात-पाय चालतात, पण गॅस सुरू ठेवून माणूस घराबाहेर निघून जातो. त्यांच्यासाठी 1 ऑक्टोबर 2011 पासून ‘टी’ ही वेगळी पायरी आहे. घरी मदत मिळाली नाही तर रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात ठेवावं लागेल अशी स्थिती असेल, तर ‘आर-टू’इतकीच रक्कम मिळते. ती गरज पाहायला तपासणीच्या टेबलापाशी पुरेसा वेळ नसतो. ती घरातलाच माणूस सांगू शकतो.

इथल्या रुग्णालयांत आणि होम हेल्थमध्ये मराठी डॉक्टर, नर्सेस, थेरपिस्ट पुष्कळ आहेत. माझी त्यांना विनंती आहे: मदतीच्या गरजेचा फॉर्म 21-2680 समोर आला की निदान लिहून थांबू नका. शेजारी बसलेल्या पत्नीला किंवा मुलाला विचारा की काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत कोणी काय केलं, आणि ते त्याच क्रमानं लिहा. घरच्यांनीही आपलं निवेदन जोडावं. ते पुरावा म्हणून विचारात घ्यावंच लागतं. दोन्ही बाजूंचा पुरावा सारख्याच वजनाचा ठरला, तर शंकेचा फायदा माजी सैनिकाला द्यावा, असं कायदाच सांगतो.